चांगला हात

"पण बाबा, तळ्यातलं सगळं केंदाळ संपलं, तर या बायकांच्या टोपल्यांच्या धंद्याचं काय?"

शैलेंद्र कारखानीसांनी पुन्हा तेच विचारलं.

चांदशा फकीर तेलाची वाटी निखाऱ्यावर धरून बसले होते. मोडलेली हाडं बसवण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. तळ्याकाठच्या त्यांच्या तकियावर, म्हणजे मठीवर, सकाळपासून माणसं येत.

त्यांनी वाटी फिरवली.

शैलेंद्र पुण्याहून आले होते. समाजाचं काम करणाऱ्या धंद्यांना ते भांडवल देत. दान नव्हे. काम वाढावं आणि पैसाही फिरून यावा, अशी त्यांची रीत होती. तिचा त्यांना अभिमान होता.

इथं भागीरथीबाईंनी गावातल्या बायका जमवून तळ्यातलं केंदाळ उपसायला घेतलं होतं. या जलपर्णीनं भोई लोकांची मासेमारी बुडवली होती. बायका तिचे देठ वाळवत आणि टोपल्या विणत. निम्म्याहून जास्त तळं मोकळं झालं होतं. पण पावसाळ्यात देठ कुजत, हाताला काम राहत नसे. त्यांना शेड हवी होती.

शैलेंद्र पैसे द्यायला तयार होते. अट एवढीच, की उगवतीकडचा कोपरा बांबू बांधून राखायचा. तिथलं केंदाळ वाढू द्यायचं. कच्चा माल तुटायला नको.

बायकांना हो म्हणवेना, नाही म्हणवेना. बाबा म्हणतील तसं करू, असं ठरवून भागीरथीबाई शैलेंद्रांना इथं घेऊन आल्या होत्या.

"एक कोपराच तर आहे, बाबा," त्या हळूच म्हणाल्या. "बाकीचं तळं मोकळंच राहील."

"केंदाळाला सांगितलंस हे?"



तेवढ्यात धोंडू भोई आला. त्याच्या हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या होत्या. बाबांनी त्याला समोर बसवलं आणि गाठ सोडायला घेतली.

"राहू द्या की अजून थोडे दिवस," धोंडू म्हणाला. "हे बांधलेलं असलं की घरात कुणी पाणी भरायला सांगत नाही."

"सांगू का वहिनीला?" भागीरथीबाई म्हणाल्या.

"तुम्ही नका मधे पडू, बाई!"

बाबांनी हात चोळला, वळवला, दाबून पाहिला. मग सुटलेल्या कामट्या धोंडूच्याच हातात दिल्या. तकियावरची रीतच होती ती. बऱ्या झालेल्या हातानं आपल्या कामट्या आपणच चुलीत घालायच्या. त्या जाळावर चहा व्हायचा आणि हजर असतील त्या सगळ्यांनी तो प्यायचा.

धोंडूनं कामट्या मोडून चुलीत सारल्या. चहा झाला. तो पिऊन धोंडू गेला.

"फी घेतली नाहीत?" शैलेंद्रांनी विचारलं.

"चहा प्यालास ना?"

शैलेंद्र हसले. "अहो, चांगल्या कामट्या होत्या. पुढच्याला उपयोगी पडल्या असत्या. असं केलं तर तुमचं चालायचं कसं?"

"वाईटच चालतं. बरी झालेली माणसं परत येत नाहीत."

"तेच सांगतोय मी! नुसतं भलं करून भागत नाही. ते टिकलं पाहिजे."

बाबांनी मान डोलवली. त्यांना ते पटलं, असं शैलेंद्रांना वाटलं. मग त्यांनी कोपऱ्यातून नव्या कामट्या काढल्या, जुन्या लुगड्याची पट्टी घेतली.

"उजवा हात दे."

शैलेंद्रांनी हात पुढे केला. काहीतरी आशीर्वाद असेल, असं त्यांना वाटलं.

बाबांनी मनगटाखाली एक कामटी ठेवली, वर एक ठेवली आणि पट्टी गुंडाळायला घेतली.

भागीरथीबाईंना आधी हसू आलं. मग ते गेलं. त्या बाबांच्या बोटांकडे पाहत राहिल्या...

"बाबा," त्या म्हणाल्या, "शेड नाही झाली, तर पावसात माझ्या बायका घरी बसतील."

बाबांनी आणखी एक वेढा दिला.

"मग त्या दुसरीकडे मजुरीला जातील. परत नाही यायच्या."

आणखी एक वेढा.

बाहेर तळ्यात कुणीतरी होडी लोटत होतं.

भागीरथीबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"तो कोपराही आम्ही काढणार, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही पैसे द्या, नाहीतर नका देऊ."

"ते बोलू आपण. आधी यांना हे सोडायला सांगा," शैलेंद्र म्हणाले. त्यांची बोटं आता वळत नव्हती. "बाबा, अहो काय करताय? माझा हात चांगला आहे!"

बाबांनी शेवटची गाठ मारली.

"म्हणूनच तर घट्ट बांधतोय. मोडलेला असता, तर बरा झाल्यावर कधीतरी सोडावा लागला असता."