सुतारपक्ष्याचे साधे दार

एका जंगलात, उंबराच्या झाडावर, एक सुतारपक्षी राहत असे. मुलांनो, कारागीर मोठा गुणी, पण भारी हौशी! ज्याच्या घरी पिल्ले व्हायची असतील, त्याच्या ढोलीला दार करून द्यायचे आणि ते स्वतःच्या चोचीने बसवायचे, असा त्याचा रिवाज होता. एकेका दाराला ढीगभर लहानमोठे तुकडे आणि प्रत्येक खुंटी वेगळ्या जाडीची. कोणती खुंटी कोणत्या भोकात जाते, हे फक्त त्यालाच ठाऊक. "एका भोकाची खुंटी दुसऱ्याला चालली, तर ती कसली कारागिरी?" असे म्हणून तो ऐटीत तुरा फुलवी.

समोरच्या आंब्यावरच्या खारीला आज-उद्या पिल्ले होणार होती. झाडाखाली एक धामण चकरा मारू लागली होती, म्हणून तिला दाराची घाई होती. दाराचे तुकडे तयार झाले आणि नेमका सुतारपक्ष्याचा पंख मुरगळला. शेवटी खारीनेच ते सगळे तुकडे आपल्या ढोलीत नेले आणि ती दार जोडायला बसली. एक खुंटी शिरेना, दुसरी सैल पडली, मधली फळी तर चक्क उलटी लागली. बिचारी रडकुंडीला आली आणि परत सुतारपक्ष्याकडे गेली.

"काका, दार फार देखणं आहे हो," ती म्हणाली, "पण ते लावायला तुम्हीच लागता. माझ्या पिल्लांचं कसं होणार?"

सुतारपक्षी वरमला. त्याचा तिच्यावर लेकीसारखा जीव होता. "चुकलं माझं, पोरी. दार केलं, पण ते लावणाऱ्याचा विचारच केला नाही," असे म्हणून तो पुन्हा कामाला लागला. या वेळी एकच जाड फळी घेतली. खुंट्या मोजक्या आणि सगळ्या सारख्या. कोणतीही उचला, कुठल्याही भोकात बसवा! लाकूड थोडके लागले आणि दुपारच्या आत काम उरकले. नक्षीसाठी चोच शिवशिवतच होती, तेव्हा वरच्या कडेला त्याने एक पान तेवढे कोरले.

"पान वर ठेव, म्हणजे दार उलटं लागणार नाही," तो म्हणाला.

दार घेऊन खार ढोलीत शिरते न शिरते, तोच धामण सरसर खोडावर चढू लागली. सुतारपक्ष्याला उडता येत नव्हते. तो जीव मुठीत धरून नुसता पाहत राहिला. खारीने पान वर धरून फळी बसवली, हाताला येईल ती खुंटी आतून ठोकली, आणि धामणीचे डोके धाडकन दारावर आपटले. तिने दार ढकलून पाहिले, पण ते हलेना. अखेर ती फुत्कारत निघून गेली.

सकाळी ढोलीतून पिल्लांचा बारीक आवाज आला. सुतारपक्ष्याचे डोळे भरून आले. इतके देखणे दार आपल्या चोचीतून आजवर उतरले नव्हते, असे त्याला वाटले.

तात्पर्य : वस्तू अशी घडवावी, की ती थोड्या तुकड्यांत, थोड्या कष्टांत कुणालाही जोडता यावी. जी दुसऱ्याचे काम सोपे करते, तीच खरी कारागिरी.