लंगडं कुत्रं

"हे शिकायला किती दिवस लागतात, बुवा?"

"घाई कसली?"

"कारागीर खोळंबलाय. म्हाळूदादाचा दगड घडवायचाय."

सोमगिरबुवांनी धुळाला पहिल्या दगडापुढं बसवलं. देवळामागं ओळीनं वीरगळ उभे होते, लढताना पडलेल्या माणसांच्या नावानं पूर्वी घडवलेले दगड. जुनं शिल्प कसं पाहावं ते शिकायला बुवांकडं लांबून माणसं येत. धुळा मात्र मेंढपाळाचा पोर, शाळेशी त्याचं कधी जमलंच नाही. थोरला भाऊ म्हाळू मेंढरं वाचवायला पुराच्या ओढ्यात उतरला, तो वर आलाच नव्हता. तेव्हापासून धुळाच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं, आणि डोक्यातला राग जात नव्हता.

"बघ," बुवा म्हणाले. "काय दिसतं?"

"वर एकजण पिंडीपुढं बसलाय. मधे त्याला अप्सरा नेतायत. खाली गाई, मारामारी... तो पडलाय."

"उलटं पाहिलंस. खालून वर बघायचं."

धुळानं नजर खाली आणली. पडलेल्या माणसापाशी ती थांबली, ती थांबलीच.

"वर चल की."

"नाही यायचं मला वर..."

बुवांनी आग्रह केला नाही.

धुळा ताडकन उठला. शेजारचा दगड पाहिला, त्याच्या पलीकडचा पाहिला.

"बुवा, सगळ्यांची तोंडं एकच! तीच मिशी, तीच ढाल! असला दगड माझ्या भावाला नको. मला त्याचं तोंड पाहिजे. हुबेहूब."

"कारागिरानं यांना पाहिलं नव्हतं, लेका."

"मग कोरलं कशाला?"

बुवांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याचं बोट पहिल्या दगडाच्या तळाशी टेकवलं. झिजलेलं, टीचभर कुत्रं. शत्रूच्या पोटरीला डसलेलं.

"पाय मोडलाय याचा," धुळा म्हणाला.

"नीट चाचप."

धुळानं बोट फिरवलं. पाय तुटलेला नव्हता. आखूड होता, पोटाशी घेतलेला. टाकीनं मुद्दाम तसा कोरलेला.

"लंगडं होतं त्याचं कुत्रं..."

"बाकीच्या दगडांवर आहे असं?"

धुळा पुन्हा ओळीवरून फिरून आला. "नाही."

"मग कारागिराला हे कळलं कुठून?"

धुळाचं बोट पुन्हा त्या आखूड पायावर गेलं. वाऱ्यानं पिंपळाची पानं सळसळली, थांबली...

"म्हाळू काठी कुठल्या हातात धरायचा रे?"

"डाव्या," धुळा पटकन बोलून गेला. "आबा शिव्या घालायचे, तरी डाव्याच. आणि पाऊस आला की घोंगडं असं डोक्यावरून घ्यायचा, थेट म्हातारीसारखं! आम्ही चिडवलं की मुद्दाम कमरेत वाकून चालायचा, आणि..."

हसू आलं त्याला.

बुवा उठले आणि धोतराची माती झटकू लागले.

"मला काय सांगतोस? तिकडं कारागीर खोळंबलाय ना?"