बस्त्यावची होडी आणि जड निरोप

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल यायच्या कितीतरी आधी, बस्त्याव नावाचा एक होडीवाला होऊन गेला. खाडीच्या अलीकडे निंबाळी, पलीकडे खारोडी. दोन्ही गावं ख्रिस्ती, सोयरीक एकमेकांत, त्यामुळे भांडणंही एकमेकांतच.

माणसं, भाजी आणि कोंबड्यांबरोबर बस्त्याव निरोपही नेई, कारण लिहिता येणारं माणूस तेव्हा औषधालाही नव्हतं. निरोप घेतला की तो अंगठ्याने ओठांवर क्रूस काढी आणि वल्हं हाती घेई. पलीकडे एक शब्द वाढवत नसे, एक गाळत नसे. असं म्हणतात, की कडू निरोप चढला की होडी जड व्हायची. बस्त्यावला स्वतःला ते पटत नसे. तो आपला तळातलं पाणी उपसायचा आणि भरतीला दोष द्यायचा.

एकदा खारोडीच्या कात्रीनच्या मुलीचं लग्न निघालं. कात्रीन निंबाळीची माहेरवाशीण, तिचा थोरला भाऊ काइतान. त्या गावांत मामाने हात धरल्याशिवाय नवरी देवळाच्या वाटेला लागत नसे. पण लग्नघाईत कात्रीनने स्वतः न जाता भावाचं बोलावणं शेजाऱ्याच्या तोंडी धाडलं, आणि काइतानच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी तो तरातरा धक्क्यावर आला.

"बस्त्याव, तिला सांग, तुझा भाऊ मेला. त्याच्या नावाने मेणबत्ती लाव आणि लग्न उरकून घे."

बस्त्यावने ओठांवर क्रूस काढला, वल्हं मारलं. होडी हलेना. असं म्हणतात, होडीत तो एकटा, तरी पाणी तिच्या काठाला येऊन टेकलं. तेव्हा ओहोटी होती, त्यामुळे भरतीला दोष देण्याचीही सोय नव्हती.

बस्त्याव घाबरला. मामाला ताप आलाय, असं काहीतरी पलीकडे ठोकून देणं सोपं होतं. पण क्रूस काढलेल्या ओठांनी खोटं कसं बोलायचं? आणि हे जसंच्या तसं सांगावं, तर हळदीच्या घरात रडारड.

"काइतानभाऊ, हे मला ओढवत नाय," तो म्हणाला. "तू खरंच मेलायस का?"

"वेडाबिडा झालास काय?"

"मग मेला असं कसं सांगू? खरं असेल ते दे."

"सांग, तिचं तोंड बघायचं नाय मला!"

पाणी तसूभरही उतरलं नाही. "हेही खरं नसावं," बस्त्याव हळूच म्हणाला.

मग काइतानने आकाशपाताळ एक केलं. बहिणीचा, मेहुण्याचा, होडीचा, सगळ्यांचा उद्धार केला. बस्त्याव मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी काइतानचा आवाजच बसला.

"तिला सांग," तो म्हणाला, "रोज संध्याकाळी ओट्यावर बसून वाट बघत होतो. वाटायचं, आज येईल. आय गेल्यापासून तीच एक आहे मला."

होडी आपसूक वर आली आणि धक्क्यापासून सुटली.

कात्रीनने निरोप ऐकला, तेव्हा तिचे हात हळदीने माखलेले होते. ते पुसायचंही तिला सुचलं नाही. तशीच होडीत बसली आणि निंबाळीला आली.

"दादा, चुकले रे. चल."

"एवढ्यासाठी कशाला आलीस? मी येणारच होतो," काइतान म्हणाला. ते मात्र धडधडीत खोटं होतं. त्या वेळी होडी कशी बुडाली नाही, देव जाणे.

पुढे बस्त्याव म्हातारा होऊन गेला. असं म्हणतात, त्याला माती दिली त्या दिवशी त्याची होडी दोर सोडून निघाली आणि पाण्याला न टेकता समुद्राकडे गेली. खरंखोटं खाडीला ठाऊक.

आता पूल झालाय, गाड्या भुर्रकन जातात. दोन्ही गावांत कुणाचा आवाज चढला, की म्हाताऱ्या अजून विचारतात, "हे बस्त्यावच्या होडीत चढवशील का रे?" आणि लग्न निघालं, की पलीकडे माहेर असलेली नवरीची आई पुलावरून जात नाही. ती भाड्याने होडी करते आणि भावाला बोलवायला स्वतः जाते. आपल्याला काहीच माहीत नाही असा चेहरा करून भाऊ ओट्यावर बसलेलाच असतो.