टिटवीचा राखीव कोपरा

जनावरं एकमेकांना विचारून घरं बांधायची, त्या काळातली ही गोष्ट. साळिंदरांना माळावर बिळांची नवी वस्ती करायची होती. "जिथं कुणाचं घरटं असेल, तेवढी जागा आम्ही राखून ठेवू," असं त्यांनी कबूल केलं. म्हणून म्हातारं कासव आणि मुंगूस असे दोन पंच पाहणीला निघाले.

टिटवीची अंडी माळावरच्या खड्यांत उघडीच होती. पंच दिसताच ती सवयीप्रमाणे अंड्यांपासून लांब, पार दुसऱ्या कोपऱ्यात गेली आणि तिथं ओरडत राहिली. अंडी चोरणाऱ्याला चकवायची टिटव्यांची ही जुनी रीत.

"म्हणजे घरटं त्या कोपऱ्यात आहे," मुंगूस म्हणालं.

कासव रखडत टिटवीजवळ गेलं. "बाई, असल्या पाहण्या करून मी थकलोय. टिटव्या दर वेळी रिकाम्या जागेवरच ओरडतात. आता तरी खरी जागा दाखवा, म्हणजे ती वाचेल."

टिटवीनं त्याच्या मागं पाहिलं. मुंगूस ओठ चाटत उभं होतं.

"यांना आधी घरी पाठवता का?" तिनं विचारलं.

"नाही हो. दोन्ही पंचांनी बघितल्याशिवाय पाहणी होत नाही."

"मग इथंच आहे," टिटवी म्हणाली आणि रिकाम्या खड्यांवर पंख पसरून बसली.

कासवानं डोळे मिटून मान हलवली.

साळिंदरांनी शब्द पाळला. त्या कोपऱ्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि उरलेला माळ उकरला. कुंपण अजून शाबूत आहे. आत मात्र कधीच कुणी अंडं घातलेलं नाही.