टिटवी बाराव्या ओळीत अडते

रानात पाखरांचा छापखाना होता, त्या काळची ही गोष्ट. सुगरण तिथे अक्षरं जुळवायची आणि टिटवी छपाईआधी पान वाचायची. चूक दिसली की ती ओरडायची, आणि मग छपाई थांबायची.

एकदा नदीला पूर चढू लागला. हरणांसाठी सुरक्षित वाटेचं पत्रक तातडीने काढायचं होतं. तेवढ्यात टिटवी ओरडली, "बाराव्या ओळीत अडले!"

सुगरणीने बारावी ओळ तीनदा नव्याने जुळवली. टिटवीचं आपलं तेच.

"ओळ बरोबर आहे! तुझेच डोळे फुटलेत," सुगरण कडाडली. टिटवीने पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि ती बाराव्या ओळीशीच थांबली. ते पाहून सुगरण वरमली. "बाई गं, अडलीस तेव्हा शोधत काय होतीस?"

"कंस. तिसऱ्या ओळीत तू उघडलास. आता बंद होईल, मग बंद होईल, म्हणत बाराव्या ओळीशी आले, तर पानच संपलं."

"अगं, मग हे आधीच सांगायचंस ना!"

सुगरणीने तिसऱ्या ओळीतला कंस बंद केला. पत्रकं निघाली, आणि पाणी वाटेवर येण्याआधी हरणं टेकडीवर पोचली.

दुसऱ्या दिवशी टिटवी पुन्हा ओरडली, "नवव्या ओळीत अडले! उघडलेलं अवतरणचिन्ह कुठे बंद होतं ते शोधतेय."

"आलेच," म्हणत सुगरण नववी ओळ सोडून वरच्या ओळी तपासू लागली.