पत्र्याखालची अट

“बुवा, तुम्हाला दिवा लावायला बोलावलं होतं, दुकान विझवायला नाही! असं का केलंत?”

टेकडीवरच्या मठात भालचंद्र पोफळे रागाने जाब विचारत होता. सोमगिरी बुवांचा हा जुना शिष्य. शिलाई मशीन महिन्याच्या भाड्याने देण्याचा त्याचा धंदा. सकाळी नव्या दुकानाचं उद्घाटन होतं, दाराशी बायकांची रांग लागली होती. बुवांनी दिवा लावला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “भालचंद्रा, सगळे पैसे भरून झाल्यावर मशीन कुणाचं?”

भालचंद्र पेढे वाटू लागला. रांग पांगली.

“मी एकच प्रश्न विचारला,” बुवा म्हणाले. “तू उत्तर का दिलं नाहीस?”

“मशीन दुकानाचंच राहतं. कागदावर तसं लिहिलंय.”

“मग भाड्याला हप्ता का म्हणतोस?”

“लोकच म्हणतात.”

“आणि तू मान डोलावतोस. तुझ्याकडून मशीन नेलेल्या अनसूयेने चार वर्षं पैसे भरले. आजारात एक महिना चुकला, तर तुझी माणसं मशीन उचलून घेऊन गेली. दारात बसून रडत होती… माझं मशीन नेलं म्हणून.”

“तिने आधी विचारायला हवं होतं!”

“जो आपलंच समजतो, तो काय विचारणार?”

भालचंद्राने वर मठाच्या छपराकडे बोट दाखवलं.

“हे पत्रे कुणी दिले, बुवा? ज्याच्या सावलीत बसता, त्याच्याच पोटावर पाय आणता?”

बुवांनी मान वर करून पत्र्यांकडे पाहिलं.

“देताना ही अट सांगितली नव्हतीस.”

“कसली अट?”

“की याखाली तोंड बंद ठेवायचं.”

ते उठले. कोपऱ्यातला पाना घेतला, भिंतीला शिडी लावली आणि वर चढले. पहिला नट करकरत सुटला.

“बुवा, उतरा! रागात बोलून गेलो. भर वैशाखात उघड्यावर राहणार का?”

“राहीन. आणि उद्या तुझ्या दारात येऊन पुन्हा तेच विचारीन.”

आणखी एक नट सुटला. पत्रा सरकला. उन्हाचा पट्टा सरळ भालचंद्राच्या तोंडावर आला.

“नका विचारू…” त्याने शिडी धरली. “मीच सांगेन. हे भाडं आहे, मशीन तुमचं होणार नाही. महिना चुकला तर काय होईल, तेही सांगेन. अनसूयेकडे आजच जातो. आता तरी उतरा.”

बुवांचा हात थांबला नाही. सुटलेला पत्रा त्यांनी खाली सरकवला.

“धर. कड धारदार आहे… आधीच सांगतोय.”