बुडच्या मडक्यातला टाक

गोधड्या वर ओढा, पाय आत घ्या आणि मधे कोणी बोलायचं नाही. बोललात तर गोष्ट तिथंच थांबेल, मग बसा कुढत.

एकदा काय झालं, एका गावातून पाऊस जाईचना. राजा वगैरे काही नव्हता त्या गावाला. नदी होती, नदीला दगडी घाट होता आणि घाटाला खालून वर अशा एकवीस पायऱ्या होत्या. भादवा सरत आला, घट बसायला तीन दिवस उरले, तरी आभाळ आपलं काळंच. आता नवरात्राच्या आधी काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. घर झाडायचं, सारवायचं, भांडी घासायची, घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायच्या आणि उन्हात वाळवायच्या. पण ऊन असेल तर ना. शेतात बाजरीच्या कणसांना उभ्याउभ्याच मोड फुटले होते. आणि नदी रोज दोन पायऱ्या वर चढत होती.

त्या गावात धुरपदा नावाची एक बाई होती. नवरा मागंच वारलेला, लेकी सासरी गेलेल्या, मोठ्या घरात एकटी राहायची. गावातला पहिला घट तिच्या घरी बसायचा, मग इतरांनी बसवायचा, अशी रीत. घटाखालची काळी मातीसुद्धा बायका तिच्याच दारातून मागून न्यायच्या. त्यामुळं नाक जरा वरच असायचं तिचं. असू दे. नाक वर असणं हा काही गुन्हा नाही. पण तिच्या घरात एक मडकं होतं.

उतरंड पाहिलीय का तुम्ही? कुठून पाहणार, तुमचं सगळं डब्यात. अरे, मातीची मडकी एकावर एक रचतात. सर्वांत मोठं बुडाशी, सर्वांत लहान वर. त्याला उतरंड म्हणायचं. धुरपदाची उतरंड सात मडक्यांची होती.

आता सात वर्षांमागं काय झालं ते ऐका. तेव्हा त्या घरात धुरपदाची धाकटी जाऊ पण राहायची, गोजरा नाव तिचं. दोघींचं बरं चाललं होतं. तर नवरात्राच्या आदल्या दिवशी धुरपदानं देवीचा टाक उजळायला काढला. टाक म्हणजे देव्हाऱ्यातला चांदीचा पत्रा, त्यावर देवीचा मुखडा ठोकलेला. घराण्याची देवी ती. तो टाक तिनं चिंचेच्या पाण्यात भिजत घातला, आणि घातला तो नेमका उतरंडीच्या बुडच्या मडक्यात. तेवढ्यात आली सर. बाकीची सहा मडकी धुऊन अंगणात वाळत ठेवलेली. धुरपदा धावली, भराभरा मडकी आत आणली आणि एकावर एक रचून टाकली. झाली उतरंड उभी. टाक राहिला बुडाशी, आणि बाई साफ विसरली.

सकाळी घट बसवायचा, तर देव्हाऱ्यात टाक नाही. घर पालथं घातलं. देव्हारा आदल्या दिवशी झाडला होता गोजरानं. मग काय, धुरपदा तडक पारावर जाऊन उभी राहिली आणि अख्ख्या गावादेखत जावेला चोर म्हणाली.

गोजरानं नवऱ्याला घेतलं, दोन भांडी घेतली आणि निघाली. घाटाच्या बाजूला, पंधराव्या पायरीएवढ्या उंचीवर थोडी सपाट जागा होती, तिथं झोपडी बांधली. जाताना एवढंच म्हणाली की, मला चोर म्हणणारी बाई स्वतः येऊन सांगत नाही तोवर मी या गावाची वरची पायरी चढायची नाही.

पुढच्या वर्षी धुरपदानं उतरंड उतरवली. बुडच्या मडक्यात बघते तर वाळून कडक झालेली चिंच आणि त्यात टाक. काळाठिक्कर.

आता तिनं काय करायला हवं होतं ते शेंबड्या पोरालाही कळेल. पण तिला गाव आठवलं, पार आठवला, आपली पहिल्या घटाची रीत आठवली. तिनं मडक्यावर झाकण ठेवलं आणि वर सहा मडकी रचली. त्यानंतर दर वर्षी ती सहा मडकी उतरवून आतून घासायची, सातवं नुसतं बाहेरून पुसायची. सहा वर्षं. त्या मडक्याकडं पाठ करून भाकरी थापायची सवय झाली होती तिला.

तर इकडं पाऊस थांबेना. पाणी अकराव्या पायरीला लागलं आणि त्याच सकाळी गावात एक परटीण आली. कुठून आली कुणास ठाऊक, उत्तरेकडून आली म्हणतात. लुगडं पांढरं स्वच्छ, पदर राखाडी, चालताना कमरेत हेलकावे. आणि एवढ्या पावसात अंगावर थेंब नाही, बरं का. ती घाटावर उभी राहिली आणि म्हणाली, "मी आभाळ धुवायला आलेय. पण आधी घरातलं मळकं सगळं बाहेर काढा. एका घरात जरी काही राहिलं, तरी माझं आभाळ निघायचं नाही."

कोणी हसलं नाही. गुडघाभर चिखलात उभा असलेला माणूस हसत नाही.

पहिल्या दिवशी सगळ्या गोधड्या निघाल्या. परटिणीनं त्या दगडावर आपटल्या. प्रत्येक आपटीला आभाळात निळी रेघ उठायची आणि लगेच विझायची. संध्याकाळी परटीण पदर झटकत धुरपदाच्या दारात आली.

"अजून आहे," म्हणाली.

धुरपदा म्हणाली, माझ्या तर चौदाच्या चौदा गोधड्या दिल्या, मोजून घे. परटीण पाठ फिरवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पाणी तेराव्या पायरीला. लोकांनी जळमटं काढली, कोपरे खरवडले, काजळी, राख, फुटके टोपले, सगळं आणून टाकलं. गावचे चार जण गोजराला वर बोलवायला गेले. तिनं नवऱ्याला सांगितलं, तुम्हाला जायचं तर जा. तो गेला नाही. चारही जण हात हलवत परत आले आणि धुरपदाच्या ओसरीवर बसून सांगत राहिले की ती बाई हट्टी आहे, बुडेल पण येणार नाही. धुरपदानं त्यांना चहा दिला. स्वतःचा कप तिच्या हातात तसाच गार झाला.

संध्याकाळी परत परटीण दारात. पुन्हा तेच. "अजून आहे."

धुरपदा तिच्यावर खेकसली, की तू कोण कुठली माझं घर तपासणारी. पण दार लावून आत वळली आणि तिला आवाज आला. आधी वाटलं, कौलं गळताहेत. वर पाहिलं, कौलं कोरडी. मग हळूहळू उतरंडीकडं गेली आणि बुडच्या मडक्याला कान लावला.

आत पाऊस पडत होता. ऐकताय ना? मडक्याच्या आत, धो धो.

तरी तिनं काय केलं? कानात कापसाचे बोळे घातले. माणूस असाच असतो, तोंड उघडण्यापेक्षा कान बंद करणं त्याला सोपं जातं.

तिसरा दिवस उजाडला. पाणी पंधराव्या पायरीला लागलं. परटीण सकाळीच आली आणि उतरंडीकडं बोट दाखवलं. धुरपदानं वरचं मडकं दिलं. मग दुसरं. मग तिसरं, चौथं, पाचवं, सहावं. प्रत्येक मडकं देताना तिला वाटायचं, एवढ्यावर भागेल. सहा झाली. सातवं एकटंच कोपऱ्यात उरलं, त्याच्यावर आता काही नव्हतं.

"अजून आहे," परटीण म्हणाली, आणि या खेपेला तिचा आवाज दमलेला होता. "बाई, मी आज दुपारपर्यंतच आहे. मग मला पुढच्या गावाला जायला हवं."

एवढ्यात नदीकडून ओरडा आला. गोजराच्या झोपडीत पाणी शिरलं होतं.

धुरपदानं मग काही विचार केला नाही. जे सहा वर्षं विचार करून जमलं नव्हतं, ते तिनं विचार न करता केलं. मडकं उचललं, डोक्यावर घेतलं आणि निघाली. जड किती, तर मान पोटात जाईल असं जड. आतला पाऊस तिच्या डोक्यावर दणदण वाजत होता. घाटावर सगळं गाव जमलेलं. गावातून वाट काढत ती पायऱ्या उतरली आणि पाण्यातून चालत झोपडीच्या दाराशी गेली.

गोजरा चुलीच्या ओट्यावर बसली होती. पाणी तिच्या घोट्याला. नवरा छपराचं लाकूड धरून उभा. तिनं जावेकडं पाहिलं आणि परक्या बाईला विचारावं तसं विचारलं, "काय काम काढलंत, बाई?"

धुरपदा म्हणाली, "टाक माझ्याच मडक्यात होता. मीच चिंचेत घातला आणि मीच विसरले. तू चोर नाहीस."

"मला माहीत आहे मी चोर नाही," गोजरा म्हणाली. "मला काय सांगता? त्यांना सांगा. तेव्हा पारावरून ओरडला होतात."

मग धुरपदा घाटाकडं वळली आणि ओरडली. पहिल्यांदा पावसानं तिचा आवाज गिळला. दुसऱ्यांदा ओरडली, ते निम्म्यांनी ऐकलं आणि निम्मे काय म्हणते, काय म्हणते करत राहिले. पाणी गुडघ्याला आलं. तिसऱ्यांदा तिनं छातीतला सगळा वारा गोळा केला आणि असं सांगितलं की शेवटच्या पायरीवरच्या बहिऱ्या म्हाताऱ्यानंही मान हलवली. सांगितलं की टाक मला सहा वर्षांमागंच सापडला होता. मी लपवला. चोर मीच.

घाटावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पाऊस चालूच.

तिनं झाकण काढलं. टाक बाहेर काढला आणि गोजरासमोर धरला. त्यावर ना डोळे दिसत होते ना नाक, नुसता काळा पत्रा. गोजरानं तो हातात घेतला. बघत बसली. पाणी मांडीला लागलं, नवरा म्हणाला, अगं आटप. ती आटपेना. सात वर्षं एका टाकात बघायची म्हणजे वेळ लागणारच.

मग तिनं मान वर केली. "आक्का," म्हणाली, "नुसता टाक घेऊन आलात. चिंच कोण आणणार?"

सात वर्षांनी आक्का म्हणाली ती. धुरपदाला रडूही येईना आणि हसूही. गोजरानं चुलीतली उरलीसुरली कोरडी राख चिमटीत घेतली आणि अंगठ्यानं टाक घासला. एकदा घासला, देवीचं कुंकू दिसलं आणि आभाळात अंगठ्याएवढं निळं भोक पडलं. दुसऱ्यांदा घासला, डोळे दिसले आणि पाऊस थांबला. तिसऱ्यांदा घासला, पूर्ण मुखडा उजळला आणि उन्हाची तिरीप थेट झोपडीत येऊन पडली. पाणी मांडीवरून गुडघ्यावर आलं, गुडघ्यावरून घोट्यावर.

दोघी जावा हात धरून पायऱ्या चढल्या. परटीण मात्र कुठं दिसेना. तिच्या दगडावर एक छोटा पक्षी बसला होता, पांढरा नि राखाडी, शेपटी सारखी वरखाली हलवणारा. तो उडाला आणि पुढच्या गावाकडं गेला. पावसाळा सरला की आपल्या विहिरीपाशी येतो ना, तोच तो परीट.

दुसऱ्या दिवशी घट बसला. गोजराच्या हातानं बसला, आणि खालची माती पुरानं तिच्या झोपडीत आणून टाकलेली, लोण्यासारखी मऊ. धान्य असं तरारून आलं की विचारू नका. गावातल्या बायका धुरपदाला पुढं कितीतरी वर्षं टोमणा मारायच्या, काय बाई, चिंच भिजत घातलीय का कुठं? ती ऐकून घ्यायची. काय करणार, घातली होतीच की. आणि दर भादव्यात दोघी जावा उतरंड उतरवायच्या आणि सातव्या मडक्यात आधी हात घालून बघायच्या. वर्षभरात त्यात काही राहिलं असलं, तर ते तिथंच बोलून टाकायच्या आणि मग घर सारवायच्या. त्या घरात पुन्हा कधी कोणी उपाशी निजलं नाही की रुसून निजलं नाही.

संपलं. आता तुम्हीपण कुणाचं काही लपवलं असेल, तर सकाळी सांगा. आत्ता नको, मला झोप आलीय. त्या गोधडीला नाक लावा बघू, उन्हाचा वास येतोय. मिटा डोळे.